शॉवरसमोरची खिडकी आणि टाइल: तुमचे अनुभव

आमच्या बाथरूमची खिडकी ऐन शॉवरच्या माऱ्यात. दोन वर्षांत तिच्याखालच्या भिंतीला पलीकडच्या खोलीत पोपडे धरले. उखडल्यावर कळलं, मिस्त्रीने खिडकीचा कट्टा अगदी पाणसळीत बसवला होता. इतका चोख, की पाणी तिथेच बसून सांध्यांतून मुरायचं. आता पुन्हा काम काढतोय. ज्यांनी हे भोगलंय त्यांनी लिहा. फसलेलं तर जरूर लिहा.

*

आमचंही तेच. दुसऱ्या वेळी कट्ट्याला आतल्या बाजूने ढाळ दिला, फुटाला पाव इंच. टाइलऐवजी ग्रॅनाइटची एकच अखंड पट्टी टाकली, भिंतीच्या थोडी पुढे काढून, पोटाला खाच मारून. खाचेमुळे पाणी मागे भिंतीकडे ओढलं न जाता तिथूनच ठिबकतं. म्हटलं, सांधाच नाही तर गळेल कुठून? तरी गळलं! पट्टी आणि अ‍ॅल्युमिनियमची चौकट यांच्यातल्या फटीत पांढरं सिमेंट भरलं होतं. चौकट उन्हाने फुगते, गारठ्याने आखडते, सिमेंट काही तिच्याबरोबर हलत नाही. केसाएवढी चीर पुरली. सगळं खरवडून रबरासारखं लवचिक सिलिकॉन भरलं तेव्हा सुटलो.

*

टाइलवर भिस्त ठेवू नका. टाइलमधल्या फटींत भरतात ते सिमेंटचं ग्राउट पाणी पितं. पाणी अडवतो तो टाइलमागचा वॉटरप्रूफिंगचा थर. मी कट्टा, दोन्ही बगला आणि वरची बाजू, सगळीकडे दोन हात मारून घेतले, कोपऱ्यांत जाळीची पट्टी दाबून. पहिला हात पुरता वाळल्याशिवाय दुसरा मारू दिला नाही. "ताई, टाइलखाली कोण बघायला येतंय?" असं मिस्त्रीने दोनदा विचारलं. पाणी येतं बघायला.

*

आमच्याकडे बगलांच्या टाइल आधी लागल्या आणि कट्टा नंतर मध्ये कोंबला. बगलेवरचा ओघळ सरळ फटीत. आधी कट्टा, मग त्यावर बगला उभ्या करा.

*

मी हौसेने स्वतः केलं. खिडकीच्या कोपऱ्यासाठी एल आकारात कापलेल्या तीन टाइल फुटल्या. मग आतल्या कोनावर आधी ड्रिलने भोक पाडलं आणि दोन्ही काप त्या भोकापर्यंतच आणले, चौथी टिकली. खिडकीच्या वरच्या बाजूची टाइल मात्र रात्रीत खाली आली. फळीचा टेकू द्यायला हवा होता, तो दुसऱ्या दिवशी सुचला.

*

सिलिकॉनचं कौतुक वाचलं म्हणून सांगते. आमच्या उत्साही माणसाने सरकत्या खिडकीच्या चौकटीची पाणी निघायची भोकंही बुजवली. रुळात तळं साचलं आणि आत सांडू लागलं.

*

सगळ्यांचे आभार. कालच कट्टा फोडला. खालच्या विटा हाताला ओल्या लागतायत, त्यामुळे वॉटरप्रूफिंग लगेच नाही. ढाळ, अखंड पट्टी, आधी कट्टा हे मिस्त्रीला पटलंय. सिलिकॉनवरून अजून वाद चालू आहे.