कधी चालू होतो, कधी नाही: लहरी डेस्कटॉपचे अनुभव

बंद पडलेला कॉम्प्युटर परवडला, पण मनात आलं तरच चालू होणारा नको. पूर्ण गेलेला असेल तर दुरुस्तीवाला थोड्या वेळात सांगतो काय जळलंय ते. हा लहरी प्रकार मात्र दुकानाच्या टेबलावर पहिल्याच बटणाला चालू होतो. दुकानदार आपल्याकडे 'बटण दाबता येतं ना?' अशा नजरेने बघतो. घरी आणून जोडला की पुन्हा ठणठण गोपाळ.

म्हणून हा धागा. असा डेस्कटॉप ज्यांनी सांभाळलाय त्यांनी लिहा. विनंती एकच, 'रॅम (मेमरीची पट्टी) काढून घातली, झालं' एवढ्यावर थांबू नका. तो नेमका *कधी* चालू व्हायचा नाही ते आधी लिहा. सकाळी की दुपारी, पावसात की उन्हाळ्यात, लाईट जाऊन आल्यावर की रोजच, रीस्टार्टला होतो आणि शटडाउननंतर नाही, असं. माझा अनुभव असा की वेळ कळली की निम्मं निदान झालं.

सुरुवात माझ्यापासून. निफाडजवळ आमचं घर आहे, बागेचा सगळा हिशेब एका जुन्या डेस्कटॉपवर. डिसेंबर-जानेवारीत इकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो. त्या दिवसांत सकाळी बटण दाबलं की पंखा अर्धा वळसा घ्यायचा आणि थांबायचा. तीन-चारदा दाबून, चहा पिऊन आल्यावर व्हायचा. दुपारी कधीच तक्रार नाही. मार्चनंतर तर विसरूनच जायचो. गंमत अशी, की वडील गावाला गेले की थंडीतही सकाळी सरळ चालू व्हायचा. कारण ते घरी असले की झोपताना भिंतीवरचा स्विच बंद करतात. मी करत नाही.

तिथेच कोडं सुटलं. भिंतीवरचा स्विच चालू असला की कॉम्प्युटर बंद असतानाही एसएमपीएसचा (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा) ५ व्होल्टचा स्टँडबाय भाग जागा असतो, थोडा कोमट राहतो. स्विच बंद केला की रात्रभर गारठतो. एसएमपीएसमधल्या कपॅसिटरमध्ये (वीज साठवून धरणाऱ्या भागात) द्रव असतो, तो वर्षानुवर्षं उष्णतेने सुकत जातो. सुकलेला कपॅसिटर गार झाला की त्याचा अंतर्गत रोध आणखी वाढतो, व्होल्टेज डळमळतं आणि बोर्ड (मदरबोर्ड) सुरू व्हायला नकार देतो. एसएमपीएस बदलला. वडील अजूनही स्विच बंद करतात, आता काही बिघडत नाही.

चिपळूणहून

आमच्याकडे थंडी नाही, पाऊस. जून संपत आला की आमचा पीसी मुका. पंखे फिरतात, दिवे लागतात, स्क्रीन काळी, आणि आतून लांब-लांब बीप. उन्हाळ्यात दिवसातून दहादा बंद-चालू करा, काही नाही. इथल्या दमट हवेत कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तर रॅमच्या पट्टीचं काय घेऊन बसलात.

उपाय सगळ्या कोकणाला माहीत असलेलाच: वायर काढायची, रॅम काढायची, सोनेरी दातांवर खोडरबर हलकं फिरवायचं, मऊ ब्रशने कण झाडायचे, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक' वाजेपर्यंत पट्टी दाबून बसवायची. पण ही मलमपट्टी आहे, दर पावसाळ्यात पुन्हा करावी लागायची. खरा फरक पडला तो काम असो-नसो, पावसाळ्यात रोज तासभर मशीन चालू ठेवायला लागल्यापासून. आतली उष्णताच त्याला कोरडं ठेवते. शिवाय टेबल बाहेरच्या भिंतीपासून सरकवलं, त्या भिंतीला ओल येते.

कोल्हापूरहून, व्यवसायाने हार्डवेअर दुरुस्ती

आधी खोडरबराबद्दल. चालतं, आम्हीही वापरलंय. पण त्या दातांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि दर पावसाळ्यात घासलात तर तो जाणार. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिंट न सोडणारं फडकं घ्या. स्लॉटमध्ये काही घासू नका, नुसती हवा मारा.

आता धागाकर्त्यांनी लिहिलेलं 'दुकानात चालतो, घरी नाही'. यात दुकानदाराचा दोष नसतो हो. गिऱ्हाईक फक्त सीपीयूचा डबा घेऊन येतं. घरची पॉवर केबल, घरचा एक्स्टेन्शन बोर्ड, घरचा यूपीएस, प्रिंटर, सगळं घरीच. आम्ही आमच्या केबलवर लावतो आणि तो चालू होतो. म्हणून मी फोनवरच सांगतो, केबलसकट आणा. त्याआधी घरी एकदा यूपीएस आणि एक्स्टेन्शन दोन्ही वगळून थेट भिंतीच्या सॉकेटवर लावून बघा. कितीतरी डबे माझ्याकडे येतच नाहीत मग.

आला तर माझा पहिला प्रश्न असतो, बटण दाबल्यावर *काय* होतं? 'चालू होत नाही' या तीन शब्दांत चार वेगळे आजार आहेत.

काहीच होत नाही, पंखासुद्धा हलत नाही: वीज, एसएमपीएस किंवा पुढचं बटण. बटणावर शंका असेल तर बोर्डावरच्या त्याच्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या. मशीन चालू झालं तर बटण गेलं. एसएमपीएस तपासायला २४ पिनांचा कनेक्टर बोर्डातून काढून त्यातली हिरवी वायर आणि शेजारची कुठलीही काळी वायर पेपरक्लिपने जोडतात. पंखा फिरला तर निदान जीव आहे. हल्ली सगळ्याच वायरी काळ्या येतात, मग मोजून सोळावी पिन. एक खोच आहे. काही नव्या एसएमपीएसचा पंखा भार नसताना फिरतच नाही, म्हणून न फिरणं म्हणजे गेला असं समजू नका. आणि फिरला म्हणजे ठणठणीत असंही नाही. भार टाकून मल्टिमीटर लावा. १२ व्होल्टची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ मध्ये राहिली पाहिजे. एसएमपीएसचं झाकण मात्र घरी उघडू नका, वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये झटका देण्याइतकी वीज उरते.

पंखा फिरतो आणि लगेच थांबतो: व्होल्टेज स्थिर झालं की एसएमपीएस करड्या वायरवरून बोर्डाला 'सगळं ठीक' असा इशारा देतो. चालू झाल्यापासून साधारण १०० ते ५०० मिलिसेकंदांत तो यायला हवा. तोवर बोर्ड प्रोसेसरला थोपवून धरतो. इशारा उशिरा आला किंवा आलाच नाही तर हा प्रकार होतो. निफाडची केस हीच वाटते. कुठे शॉर्ट असेल तरीही असंच होतं.

पंखे फिरत राहतात, स्क्रीन काळी: रॅम, ग्राफिक कार्ड, किंवा प्रोसेसरजवळचा चार-आठ पिनांचा वेगळा कनेक्टर सैल. तो कोपऱ्यात असतो म्हणून लोकांच्या नजरेतून सुटतो.

कंपनीचा लोगो येतो आणि तिथेच अडकतो: डिस्क, साटा केबल (डिस्क बोर्डाला जोडणारी), नाहीतर यूएसबीला लावलेलं काहीतरी.

यातूनही हाती लागलं नाही तर मी बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढतो, पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवतो आणि प्रोसेसर, त्याचा पंखा, एकच रॅम, छोटा स्पीकर एवढ्यावरच चालवतो. बाहेर दर वेळी चालू झाला आणि आत गेला की रुसला, तर बोर्डाखाली एखादी जादा पितळी खुंटी किंवा पडलेला स्क्रू शोधा. डबा हलवला की बरा होणाऱ्या मशीनमध्ये हे हमखास सापडतं.

जळगावहून

आमचं उत्तर वरच्या पोस्टमध्येच आलं, यूपीएस. बॅटरी जुनी झालेली. लाईट असताना ठीक, पण उन्हाळ्यात संध्याकाळी गावभर कूलर लागले की व्होल्टेज खाली यायचं, यूपीएस बॅटरीवर उडी मारायचा आणि नेमकं त्याच वेळी बटण दाबलं तर मशीन सुरू होता होता गपकन बंद. आम्ही महिनाभर कॉम्प्युटरला दोष देत होतो. बॅटरी बदलल्यापासून शांतता.

मडगावहून

माझो प्रकार वेगळो, म्हणजे मराठीत सांगतो: चालू व्हायचा आणि चार-पाच सेकंदांत बंद. पुन्हा दाबा, पुन्हा तेच. कधी मात्र दिवसभर चालायचा. एसएमपीएस बदलून झाला, रॅम बदलून झाली. शेवटी एका मित्राने विचारलं, "बटण बाहेर येतंय का रे पूर्ण?" समुद्राजवळचं घर, आतली छोटी स्प्रिंग गंजलेली. बटण आतच चिकटून राहायचं. पॉवरचं बटण साधारण चार सेकंद दाबून धरलं की मशीन सक्तीने बंद होतं, ते तर आपण स्वतःही करतो. इथे ते काम गंज करत होता.

मित्राने नवीन काहीच आणलं नाही. पुढच्या पॅनलवरच्या रीसेट बटणाची वायर काढून बोर्डावर पॉवरच्या पिनांवर लावली. आता आम्ही रीसेट दाबून कॉम्प्युटर चालू करतो. पाहुण्यांना सापडत नाही, तेही एका अर्थी बरंच.

पुण्याहून

माझ्याकडे हार्डवेअर ठणठणीत होतं. लक्षण असं: रीस्टार्ट केलं की दर वेळी नीट, पण रात्री शटडाउन करून सकाळी चालू केलं की कधीकधी लोगोखालचे ठिपके गोल-गोल फिरतच राहायचे. हा फरक महत्त्वाचा आहे. विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' आलं. त्यात शटडाउन केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच उचलली जाते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं कोऱ्या पाटीवर सुरू होतं. माझ्या जुन्या नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरला (ते चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ही अर्धी झोप मानवत नव्हती.

तपासायला सोपं आहे. शिफ्टची कळ दाबून धरून शटडाउनवर क्लिक करा, म्हणजे पूर्ण बंद होतो. काही दिवस असं केल्यावर त्रास गेला तर कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाका. एसएसडी (वेगवान डिस्क) असेल तर वेळेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही.

सोलापूरहून

पेन ड्राइव्ह. भाऊ मागच्या बाजूला गाणी भरलेला पेन ड्राइव्ह लावून विसरायचा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डातल्या प्रोग्राममध्ये) यूएसबीचा क्रम आधी होता. ज्या दिवशी पेन ड्राइव्ह असेल त्या दिवशी 'बूट डिव्हाइस मिळालं नाही'. बास, एवढंच.

न्यू जर्सीहून

भारतातून सामानात आणलेला जुना डेस्कटॉप. इथे सकाळी चालू व्हायचा, थंडीच्या दिवसांत संध्याकाळी नाही. त्याच खोलीत संध्याकाळी इलेक्ट्रिक हीटर लावायचो. मागे एसएमपीएसवर छोटा लाल सरकता स्विच, २३० वर तसाच राहिलेला! इथे भिंतीत १२० व्होल्ट. म्हणजे बिचारा अर्ध्या जेवणावर काम करत होता आणि हीटरने व्होल्टेज थोडं ओढलं की तेवढंही पुरायचं नाही. स्विच ११५ वर केला आणि प्रश्न मिटला.

इथून भारतात मशीन नेणाऱ्यांनी उलटं लक्षात ठेवा. ११५ वर असलेला स्विच २३० व्होल्टमध्ये लावला तर मोठा आवाज होतो आणि धूर येतो, तिथे लहरीपणाला जागाच नाही. नव्या एसएमपीएसवर १०० ते २४० लिहिलेलं असतं, त्यांना हा स्विचच नसतो.

बंगळुरूहून

नव्या मशीनवाल्यांसाठी. डीडीआर५ (नव्या पिढीच्या) रॅमचं मशीन जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले, स्क्रीन काळी. मिनिटभर वाट बघून वीज तोडली. पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी फोनवर बोलण्यात वेळ गेला तोवर आपोआप चालू! बोर्ड पहिल्यांदा रॅमची वेळ जुळवून घेतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. रॅम जास्त असेल तर कित्येक मिनिटं जातात. मध्येच वीज तोडली की तो पहिल्यापासून सुरुवात करतो. बायोस अपडेट केल्यावरही हे होतं, तेव्हा घाबरू नका.

नागपूरहून

माझं अजून सुटलेलं नाही, म्हणून लिहितोय. लाईट बराच वेळ जाऊन आली की चालू होत नाही. रोजचं बंद-चालू नीट. चालू झाला की तारीख जुनी दाखवतो, वेबसाइटी 'सुरक्षित नाही' म्हणतात. मित्र म्हणतो बोर्डावरचा नाण्यासारखा सेल बदल. एवढ्याशा सेलने मशीन अडेल का?

कोल्हापूरहून

दादा, तारीख जुनी दाखवतो म्हणजे सेल संपलाच आहे, तो आधी बदला. सीआर२०३२, ३ व्होल्टचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. मल्टिमीटरवर २.८ च्या खाली असेल तर टाकून द्या. काही बोर्ड सेल संपला की सुरू व्हायलाही कां-कूं करतात, पण सगळे नाही, म्हणून तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका. सेल नवा घातल्यावर तारीख टिकली आणि तरीही लाईट गेल्यावर अडला, तर संशय एसएमपीएसच्या स्टँडबाय भागावर. पुढच्या वेळी अडला की बटण दाबू नका. भिंतीवरचा स्विच चालू ठेवून जांभळ्या वायरवर, म्हणजे नवव्या पिनवर, मीटर लावा. ५ व्होल्ट लगेच दिसतात, की हळूहळू चढत येतात, तेवढं इथे लिहा.