जपानी भाषा येत नसताना आईला घेऊन तिथल्या रेल्वेने आणि बसने कसे फिरावे?

सांजवेळ

नमस्कार. येत्या एप्रिलमध्ये मी आणि माझी आई, वय ६८, अशा आम्ही दोघीच जपानला जाणार आहोत. पाच दिवस टोकियो आणि चार दिवस क्योतो असा बेत आहे. आईचा एक गुडघा दुखरा असल्यामुळे चुकीच्या फलाटावर उतरून पुन्हा जिने चढणे तिला झेपणार नाही आणि रोजची टॅक्सी आम्हाला परवडणार नाही. त्यामुळे सगळी भिस्त मेट्रो, रेल्वे आणि बस यांच्यावरच आहे. आम्हा दोघींना जपानी लिपीतले एकही अक्षर ओळखता येत नाही. स्थानकांवर इंग्रजी पाट्या असतात असे वाचले आहे. परंतु पाटी वाचता आली म्हणून समोर उभ्या असलेल्या गाडीत बसावे की नाही हे कळेलच असे नाही, आणि मला खरी भीती त्याचीच वाटते. बसचे तर काहीच उलगडलेले नाही. स्वतः असा प्रवास केलेल्यांनी नेमके कुठे अडते ते सांगावे, ही विनंती.

दूरदेशी

ताई, तुमची शंका अगदी रास्त आहे. मी पत्नीसह दोनदा जाऊन आलो, आणि आम्ही अडलो ते पाट्यांमुळे नव्हे, तर गाडीच्या प्रकारामुळे. एकाच फलाटावर एकामागून एक येणाऱ्या गाड्यांपैकी एक प्रत्येक स्थानकावर थांबते, दुसरी काही स्थानके सोडते आणि तिसरी बरीचशी सोडते. पहिल्याच दिवशी आमच्या डोळ्यांदेखत आमचे स्थानक मागे पडले आणि परत यायला पाऊण तास गेला. फलाटावरच्या विद्युत फलकावर गाडीचा प्रकार आळीपाळीने जपानी आणि इंग्रजीत दिसतो, तेव्हा इंग्रजी ओळ येईपर्यंत थांबावे, आणि मनात जराही शंका असेल तर सर्व थांबे घेणारी गाडीच धरावी. जलद गाडीला जादा तिकीट लागते की नाही, हेही कंपनीगणिक बदलते: ओडाक्यू कंपनीच्या रोमान्सकार या जलद गाडीला ते लागते, हांक्यू कंपनीच्या क्योतो–ओसाका मार्गावरील नेहमीच्या जलद गाडीला लागत नाही.

नावे पाठ करण्यात वेळ घालवू नका; तिथे क्रमांकांनीच चालावे. टोकियोच्या भुयारी मेट्रोत २००४ पासून प्रत्येक स्थानकाला मार्गाचे रोमन अक्षर आणि त्यापुढे आकडा आहे. गिन्झा मार्गावरचे गिन्झा म्हणजे जी ०९ आणि त्याच मार्गाचे शेवटचे आसाकुसा म्हणजे जी १९. म्हणून गिन्झाहून आसाकुसाला जाताना आकडे वाढत जाणारी बाजू निवडायची, एवढेच पुरते. आणि धावत्या गाडीत पुढचा आकडा घटलेला दिसला, तर चूक एका स्थानकातच लक्षात येते. यामानोते हा जमिनीवरचा हिरवा मार्ग मात्र वर्तुळाकार असल्यामुळे त्याला शेवटचे स्थानकच नाही. तिथे फलाटावर लिहिलेली पुढची मोठी स्थानके पाहून दिशा ठरवावी लागते. तरीही उलट्या दिशेच्या गाडीत बसलात, तर आईंना उतरवण्याची घाई करू नका, कारण ३० स्थानकांचा तो पूर्ण फेरा साधारण तासाभराचा असतो आणि बसल्या जागी तुमचे स्थानक येतेच.

गुडघ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे ते बाहेर पडण्याचे दार. टोकियोतल्या शिंजुकूसारख्या स्थानकाला दोनशेहून अधिक दारे आहेत, आणि लिफ्ट त्यांपैकी मोजक्याच ठिकाणी असते. निघण्याआधी स्थानकाच्या नकाशावर लिफ्टचे दार शोधून त्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवावा, मग ते दार थोडे लांब पडले तरी चालेल.

काठावरची

बसविषयी मी लिहिते, कारण क्योतोत तिच्यावाचून भागत नाही. तिथल्या शहर बसमध्ये मागच्या दाराने चढायचे, पुढच्या दाराने उतरायचे आणि भाडे उतरताना द्यायचे. मध्यवर्ती भागात ते सरसकट २३० येन आहे. चालक सुटे परत देत नाही. पैशांच्या पेटीजवळच्या यंत्रात हजाराची नोट घालून आधी सुटी नाणी करून घ्यायची आणि मग नेमकी रक्कम पेटीत टाकायची. हे काम बस सिग्नलला थांबली असताना उरकावे, म्हणजे उतरताना मागच्यांचा खोळंबा होत नाही. टोकियोच्या तोएई या शहर बसमध्ये पद्धत नेमकी उलट आहे: पुढून चढताना सरसकट भाडे द्यायचे आणि मागून उतरायचे. शहराबाहेरच्या अनेक बसमध्ये चढताना आकडा छापलेली चिठ्ठी घ्यावी लागते. चालकाच्या डोक्यावरील फलकावर त्या आकड्याखाली दिसते तेच आपले भाडे, आणि ते अंतरागणिक वाढत जाते.

एप्रिलमधल्या गर्दीत क्योतोच्या बसमध्ये उभ्याने प्रवास करणे आईंना जड जाईल, असे मला काळजीने वाटते. शक्य तितके अंतर भुयारी रेल्वेने कापा आणि शेवटच्या टप्प्यापुरती बस घ्या. दोन्हींसाठी एकच दिवसभराचा पास ११०० येनला मिळतो.

सांजवेळ

दोघांचेही मनापासून आभार. वर्तुळाकार मार्गाची माहिती वाचून आईला फार हायसे वाटले. आणखी एक विचारते: आधी पैसे भरून वापरायचे प्रवासाचे कार्ड आम्हा दोघींत एक पुरेल का, आणि टोकियोत घेतलेले क्योतोत चालेल का?

दूरदेशी

दोघींना दोन कार्डे लागतील, कारण आत जाताना ज्या कार्डाची नोंद झाली तेच बाहेर पडताना लागते. सुइका, इकोका यांसारखी दहा कार्डे २०१३ पासून एकमेकांच्या भागांत चालतात, त्यामुळे टोकियोचे कार्ड क्योतोत वापरता येईल. फक्त टोकियोत आत शिरून थेट क्योतोत बाहेर पडता येणार नाही, त्या प्रवासाचे तिकीट वेगळे काढावे लागते. कार्डात पैसे कमी पडले, तर स्थानकातल्या तिकीट-फाटकाच्या आतल्या बाजूला फरक भरण्याचे यंत्र असते आणि त्यावर इंग्रजी निवडता येते. पैसे भरण्यासाठी रोख येन जवळ ठेवा.

काठावरची

मोठ्या बॅगा बसमध्ये नेऊ नका. टोकियोच्या हॉटेलातून क्योतोच्या हॉटेलात सामान पाठवण्याची सोय आहे आणि ते बहुधा दुसऱ्या दिवशी पोहोचते, म्हणून एका रात्रीपुरते कपडे हातात ठेवावे. दोन्ही हॉटेलांची नावे आणि पत्ते तिथल्या कर्मचाऱ्याकडून जपानी लिपीत मोठ्या अक्षरांत लिहून घ्या, आणि त्याची एक प्रत आईंच्या पर्समध्येही असू द्या. आपण उच्चारलेले नाव तिथल्या माणसांना पुष्कळदा कळत नाही, परंतु लिहिलेले दाखवताच ती थांबून वाट दाखवतात. गर्दीत तुम्हा दोघींची चुकामूक झालीच, तर आईंना तो कागद फाटकाजवळच्या खिडकीतल्या कर्मचाऱ्याला दाखवायला आताच सांगून ठेवा.