मदत हवी आहे : कर्णबधिर चित्रकार वॉशबर्न यांची कागदपत्रे कशी मागवावीत?

नमस्कार. नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाल्यापासून मी कर्णबधिर मुलांना चित्रकला शिकवतो. त्यांच्या वार्षिक अंकासाठी कॅडवॉलडर वॉशबर्न (१८६६–१९६५) या अमेरिकन चित्रकारावर लेख लिहायला घेतला आहे. वयाच्या पाचव्या वर्षी त्यांची श्रवणशक्ती गेली. आज गॅलॉडेट विद्यापीठ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वॉशिंग्टनच्या महाविद्यालयातून ते १८९० साली पदवीधर झाले, वास्तुकला शिकता शिकता चित्रकलेकडे वळले, युरोप, जपान, मेक्सिको अशा ठिकाणी फिरले, आणि रशिया-जपान युद्धाच्या काळात ‘शिकागो डेली न्यूज’साठी त्यांनी बातमीदारीही केली.

‘बहिरेपणावर मात’ या चार ओळींपलीकडे त्यांच्यावरचे बहुतेक लेख जात नाहीत, आणि माझ्या विद्यार्थ्यांना नेमके तेच नको असते. ज्याला ऐकू येत नाही तो माणूस परमुलखात, युद्धाच्या धामधुमीत बातमी मिळवतो कशी, हे त्यांना हवे आहे. त्याचे उत्तर पत्रांत, टिपणवह्यांत किंवा समोरच्याशी लिहून केलेल्या संवादाच्या चिठ्ठ्यांत सापडेल, असा माझा कयास आहे.

त्यांची कागदपत्रे गॅलॉडेटच्या अभिलेखागारात आहेत. परदेशी विद्यापीठाकडून अशा कागदांच्या प्रती कोणी मागवल्या आहेत का? सरसकट ‘सगळे पाठवा’ म्हणणे बरे दिसत नाही. मग आधी सूची मागून त्यातल्या पेटीचा व फोल्डरचा क्रमांक कळवावा, की विषय लिहून तिथल्या कर्मचाऱ्यांवर सोपवावे?

दुसरी अडचण छपाईच्या परवानगीची. अप्रकाशित पत्रांवर अमेरिकेत लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षे, म्हणजे इथे २०३५ अखेरपर्यंत हक्क राहतो. अंक नाशिकमध्ये छापून फुकट वाटायचा असला, तरी पत्रातला उतारा घेण्यापूर्वी वारसांची लेखी संमती लागेल का?

एक प्रश्न जुन्या सवयीपोटी. वॉशबर्न यांची ख्याती ड्रायपॉइंटसाठी. या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडताना रेषेच्या कडेला धातूची बारीक किनार उचलली जाते, तिच्यात शाई अडकते आणि ठसा मखमली येतो. पण थोड्याच प्रतींत ती दबते. म्हणून ठसा सुरुवातीचा की नंतरचा, हे सूचीत नोंदवण्याची पद्धत असते का? नसल्यास कोणत्या ठशाचे छायाचित्र मागावे, हे जाणकारांनी सांगितले तर तेवढेच मागवीन.