अनुभव धागा: जुन्या गाडीचा ॲक्सल नट तुम्ही कशाने सोडवला?

इंजिन आणि कार्ब्युरेटरवर बोलायला सगळे हौशी तयार असतात. घोडं अडतं ते मागचा ड्रम काढताना, मधल्या त्या एका मोठ्या नटापाशी. तुमच्या गाडीला कुठला पाना लागला, कुठे मिळाला, काय केल्यावर नट हलला, ते इथे लिहा. ‘छिन्नी मारून काढला’ असं असेल तर तेही लिहा, पण मग नटाचा फोटो टाकायचा!

सुरुवात मीच करतो. गाडी फोक्सवॅगन बीटल. मागचा नट ३६ मिमी, आणि आवळायचा २१७ फूट-पौंडाला. अर्धा इंची ड्राईव्हच्या (सॉकेट अडकवायच्या चौकोनी टोकाच्या) रॅचेटला हे काम सांगूच नये, आतले दात जातात. पाऊण इंची ड्राईव्ह, सहा कोनी सॉकेट, लांब दांडा आणि वर मीटरभर पाईप. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला हे सगळं मिळतं. नट फिरू नये म्हणून त्यात आडवी घातलेली स्प्लिट पिन आधी काढा आणि चारही चाकं जमिनीवर असतानाच, हँडब्रेक ओढून, गियर टाकून नट हलवा. जॅकवरच्या गाडीशी मीटरभर पाईप घेऊन झोंबाझोंबी करू नये.

आवळायला एवढा मोठा टॉर्क पाना (जोर मोजून आवळायचा पाना) घरात कोण ठेवतो? २१७ फूट-पौंड म्हणजे साधारण ३० किलोग्रॅम-मीटर. दांडा आडवा ठेवून ६० किलोचा माणूस नटापासून अर्ध्या मीटरवर शांतपणे उभा राहिला की झालं. उड्या नकोत. पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्यायचा, मागे नाही. ढिला राहिला तर ड्रमच्या आतल्या खाचा झिजतात, आणि मग ड्रमच बदलावा लागतो.

मिनीवाला, बर्मिंगहॅम
आमच्या जुन्या मिनीचा पुढचा नट १ ५/१६ इंची, म्हणजे ३३.३ मिमी. ३३ चा सॉकेट चढत नाही आणि ३४ चा हलतो. तो हलता सॉकेट ताकदीने फिरवला की नटाचे कोपरे गोल. इंची सॉकेटच घ्या. आणि मागच्या डाव्या चाकाला उलटे आटे आहेत, म्हणजे नट उलट्या दिशेने फिरवून सुटतो. इथल्या एका गॅरेजने ते न बघता पाईप लावून जोर केला, आणि आट्यांची वाट लागली. नवीन भाग माझ्या खर्चाने!

उद्यमनगरचा
हेराल्डवाले आहेत का कुणी? मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड. तिचा नट सुटतो हो, सुटत नाही तो हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो भाग. शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर हब चावी (खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) घालून ठोकून बसवलेला, आणि वर कित्येक वर्षांचा गंज. तीन पायांचा साधा पुलर (ओढून काढायचं अवजार) लावलात तर हबची कडाच वाकते. मूळ चर्चिल कंपनीचा पुलर आपल्याकडे कुठून मिळणार? कोल्हापुरात आमच्या लेथवाल्याने जाड पोलादी चकती कापून दिली. चाकाच्या चारही स्टडवर ती बसते आणि मधल्या बोल्टने शाफ्टवर दाब येतो. बोल्ट आवळायचा, त्याच्या डोक्यावर घणाचा एक टोला, परत आवळायचा. तरी नाही आला तर दाब तसाच ठेवून झोपायला जायचं. एकदा तर पहाटे असा धडाका झाला की शेजारच्यांना सिलिंडर फुटल्यासारखं वाटलं. म्हणून नट पूर्ण काढायचा नाही, काही आट्यांवर ठेवायचा. हब उडाला तरी नटाला अडतो, आणि शाफ्टचे आटेही वाचतात. गॅसने तापवायचं असेल तर सील गेलं असं समजूनच तापवा.

जीप १९ गावांची
आमच्याकडे उलटं. विलिसच्या घराण्यातल्या जुन्या महिंद्र जीपला पुढच्या हबमध्ये दोन पातळ नट असतात, मध्ये वाकवायची लॉक वॉशर. आतला नट बेअरिंग सेट करण्यापुरता. त्याला ताकद लागत नाही, लागतो तो पातळ, रुंद बॉक्स पाना. तो नसला की लोक छिन्नी-हातोडा काढतात. मी घेतलेल्या जीपचे चारही नट कुणीतरी असेच कुरतडून ठेवले होते. पाना पुण्याच्या जुन्या बाजारात, मंगळवार पेठेत मिळाला, रविवारी. वॉशरचा कान सरळ करायला विसरू नका.

नवशिका
माझ्याकडे वडिलांचा जुना पान्यांचा सेट आहे, त्यावर ‘डब्ल्यू’ असं कोरलंय. इंची म्हणून चालेल का?

उद्यमनगरचा
नाही. तो व्हिटवर्थ, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचा. त्यावरचा आकडा बोल्टच्या जाडीचा असतो, नटाच्या तोंडाचा नाही. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) घेऊन नट मोजा, मग बाजारात जा. हेराल्डवाल्यांनो, चकती माझ्याकडे पडून आहे. न्यायची असेल तर व्यक्तिगत निरोप करा. कुरियरने पाठवणार नाही, जड आहे, येऊन घेऊन जा.