मदत हवी आहे: लेंटमध्ये (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) बिनमटणाचं साधं काय काय करता?

नमस्कार मंडळी, आम्ही कोल्हापूरचे ख्रिश्चन, लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत घरात मटण-चिकन बंद ठेवलंय, रविवार सोडून ४० दिवस असतात पण आम्ही रविवारीही नाही करत. खरं सांगू तर साधं जेवण लई आवडायला लागलंय, गरम भाकरी, झुणका, खर्डा आणि वर दही, प्रार्थनेनंतर सगळे एकत्र बसून खातो तेव्हा मन कसं हलकं वाटतं. अख्खा मसूर तर पोरं मागून खातात, हुलग्याचं माडगं सासूबाई करतात.

अडलंय ते पांढऱ्या रश्श्यापाशी. खसखस, तीळ, काजू, नारळाचं दूध सगळं घालते पण मटणाची अळणी (मटण शिजवलेलं पाणी) नसल्यामुळं चव पातळच लागते, मग त्याऐवजी काय घालायचं? मुगाचं कढण चालेल का, की भाज्यांचं पाणी उकळून घ्यायचं? रंग पांढराच राहायला पाहिजे. आणि नोकरीवरून आल्यावर अर्ध्या तासात होणारं, कडधान्याचं, पोटभरीचं काही असेल तर तेही सांगा की, मिस्टर शेतात राबतात, त्यांना नुसत्या आमटी-भातावर भागत नाही. प्रमाणासकट लिहिलं तर फार उपकार होतील.