जावासी १७ दाखवतो, जावा मात्र ८. पाथमध्ये नक्की कुठे गडबड आहे?

प्रश्न : कंपाइलवेडा

मंडळी, कमांड इथे देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाकायच्या. जावासी म्हणजे प्रोग्राम कंपाइल करणारी कमांड, जावा म्हणजे तो चालवणारी, आणि पाथ म्हणजे कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांची यादी.

विंडोज ११ आहे. जेडीके (जावाचं प्रोग्रामिंग किट) १७ ची झिप डी:\टूल्स\जेडीके१७ मध्ये उघडली. युजर व्हेरिएबलमध्ये जावा_होम बनवून त्याला हाच पत्ता दिला आणि युजरच्या पाथमध्ये सगळ्यात वर %जावा_होम%\बिन ही एन्ट्री टाकली. कमांड प्रॉम्प्ट बंद करून पुन्हा उघडला. आता

जावासी -व्हर्जन : १७
जावा -व्हर्जन : १.८.०

प्रोग्राम कंपाइल होतो, पण चालवायला गेलं की 'अनसपोर्टेड क्लास व्हर्जन' एरर येते, त्यात ६१.० आणि ५२.० असे आकडे आहेत. एन्ट्री वर-खाली करून पाहिली, काही फरक नाही. मशीन संस्थेचं असल्यामुळे ॲडमिन हक्क नाहीत. सेटएक्स या व्हेरिएबल कायमचं साठवणाऱ्या कमांडने पाथ बदलावा असं एका ठिकाणी वाचलं, तसं करू का? शिवाय घरी मॅक आहे आणि प्रोजेक्ट शेवटी उबुंटू सर्व्हरवर जाणार आहे. तिकडे हेच कसं करायचं?

प्रतिसाद १ : अर्धविराम

सेटएक्सला हात लावू नका, कारण खाली देतो.

आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये 'व्हेअर जावा' आणि 'व्हेअर जावासी' टाका. ज्या क्रमाने विंडोज शोधतं त्याच क्रमाने सगळे पत्ते छापले जातात. 'जावा'साठी पहिली ओळ तुमच्या डी: ड्राइव्हची नसणार. बहुधा सी: ड्राइव्हवरचं 'जावापाथ' नावाचं फोल्डर दिसेल.

कारण असं की विंडोजमध्ये पाथच्या दोन याद्या असतात, एक सिस्टमची आणि एक युजरची. लॉगिन करताना त्या जोडल्या जातात, पण नेहमी सिस्टमची आधी आणि युजरची तिच्या शेपटाला. तुम्ही युजरच्या यादीत अगदी पहिल्या नंबरावर बसलात तरी सिस्टमच्या शेवटच्या एन्ट्रीच्या मागेच उभे राहता. जावा ८ च्या इन्स्टॉलरने आपलं फोल्डर सिस्टमच्या यादीत घातलेलं आहे. त्यात जावा.ईएक्सई असतं, जावासी नसतं. म्हणून 'जावा' तिथेच सापडतं आणि शोध थांबतो, तर 'जावासी' सापडेपर्यंत शोध तुमच्या एन्ट्रीपर्यंत येतो. एररमधले आकडे हेच सांगतात : ६१ म्हणजे जावा १७ ची क्लास फाइल, ५२ म्हणजे जावा ८ ला वाचता येणारी कमाल आवृत्ती.

ॲडमिन असता तर सिस्टमच्या यादीतली ती एन्ट्री खाली सरकवली की काम झालं असतं. ते नाही, तेव्हा सेशनपुरता (त्या एका खिडकीपुरता) पाथ बदला. जावा१७.सीएमडी नावाच्या फाइलमध्ये एकच ओळ :

सेट "पाथ=%जावा_होम%\बिन;%पाथ%"

अवतरणचिन्हं पूर्ण वाक्याला आहेत, नुसत्या पत्त्याला नाहीत. बरोबरच्या चिन्हाच्या अलीकडे-पलीकडे जागा सोडू नका. अलीकडे सोडलीत तर नावाच्या शेवटी स्पेस असलेलं वेगळंच व्हेरिएबल तयार होतं आणि मूळ पाथ जसाच्या तसा राहतो. मग डेस्कटॉपवर शॉर्टकट बनवा, टार्गेटमध्ये 'सीएमडी /के डी:\टूल्स\जावा१७.सीएमडी'. त्यातून उघडलेल्या खिडकीत दोन्ही १७ दिसतील.

मेव्हन आणि ग्रेडल ही प्रोजेक्ट बिल्ड करणारी साधनं जावा_होम बघतात, त्यामुळे त्यांना याचा त्रास नाही. मात्र जावा_होममध्ये '\बिन' लावायचं नाही, ते फक्त पाथमध्ये.

आता सेटएक्स. 'सेटएक्स पाथ "%पाथ%;नवीन पत्ता"' असं लिहिलं की %पाथ% च्या जागी दोन्ही याद्या जोडून येतात आणि सगळं मिळून युजरच्या यादीत लिहिलं जातं. म्हणजे सिस्टमच्या प्रत्येक एन्ट्रीची दुसरी प्रत तयार. वर सेटएक्स १०२४ अक्षरांवर मजकूर कापतं. इशारा छापतं, पण तोवर कापलेलं साठवून झालेलं असतं. तुमची नवीन एन्ट्री शेवटी असते, म्हणजे कापली जाते तीच. शिवाय %जावा_होम%सारखे संदर्भ विस्तारून कायमचे पत्ते होऊन बसतात. उद्या जावा_होम बदललंत तरी पाथ जुन्याच जागी बोट दाखवेल. जावा_होमसारख्या छोट्या व्हेरिएबलला सेटएक्स चालतं, पाथला नाही.

कंपाइलवेडा

बरोबर, पहिली ओळ जावापाथचीच आहे. शॉर्टकटने काम झालं, आभार. पण व्हीएस कोड एडिटरच्या टर्मिनलमध्ये 'व्हेअर जावा' टाकलं तर काहीच छापत नाही, आणि ती सीएमडी फाइल चालवूनही ८ च दिसतं.

प्रतिसाद २ : निळाप्रॉम्प्ट

तिथे पॉवरशेल आहे, म्हणजे कमांड प्रॉम्प्टऐवजी विंडोजचा दुसरा कमांड प्रोग्राम. पॉवरशेलमध्ये 'व्हेअर' हे वेगळ्याच कमांडचं टोपणनाव आहे, म्हणून ती गप्प बसते. 'व्हेअर.ईएक्सई जावा' असं पूर्ण लिहा, किंवा 'गेट-कमांड जावा -ऑल'.

सीएमडी फाइल पॉवरशेलमधून चालवली की तिच्यासाठी वेगळी प्रोसेस सुरू होते, पाथ तिथल्या तिथे बदलतो आणि प्रोसेसबरोबरच संपतो. मुलाने (अशा नव्या प्रोसेसने) बदललेलं पर्यावरण (पाथसारखी व्हेरिएबल्स) आईपर्यंत (तिला सुरू करणाऱ्या प्रोसेसपर्यंत) पोहोचत नाही, हे कुठल्याही ऑपरेटिंग सिस्टममध्ये तसंच. पॉवरशेलसाठी 'नोटपॅड $प्रोफाइल' टाकून उघडलेल्या फाइलमध्ये लिहा :

$एन्व्ह:पाथ = "$एन्व्ह:जावा_होम\बिन;$एन्व्ह:पाथ"

फाइल सापडत नाही असं म्हणालं तर आधी 'न्यू-आयटम $प्रोफाइल -फोर्स'. स्क्रिप्ट चालवायला मनाई आहे अशी लाल ओळ आली तर 'सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयुजर'. याला ॲडमिन लागत नाही, पण संस्थेने ग्रुप पॉलिसीने बंद केलं असेल तर उपाय नाही.

पुढे पायथन घ्याल तेव्हा याच पद्धतीचा दुसरा खड्डा आहे. 'पायथन' टाकलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, कारण विंडोजॲप्स फोल्डरमध्ये त्या नावाची एक पोकळ फाइल असते. सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्यूशन एलियासेस' शोधून पायथनचे स्विच बंद करा.

प्रतिसाद ३ : शेंडाफळ

मॅकचं सांगतो. तिथे याद्यांमध्ये अर्धविराम नाही, विसर्गासारखा कोलन. कॅटलिनापासून (२०१९) डीफॉल्ट शेल (टर्मिनलमधल्या कमांड घेणारा प्रोग्राम) झेड-शेल आहे, तेव्हा जुन्या लेखांतलं .बॅश_प्रोफाइल विसरा. ~/.झेडप्रोफाइलमध्ये दोन ओळी :

एक्स्पोर्ट जावा_होम=$(/यूएसआर/लिबएक्झेक/जावा_होम -व्ही १७)
एक्स्पोर्ट पाथ="$जावा_होम/बिन:$पाथ"

तीच कमांड कॅपिटल व्हीने चालवली तर मॅकला माहीत असलेल्या सगळ्या जेडीकेंची यादी मिळते. तिला /लायब्ररी/जावा/जावाव्हर्च्युअलमशीन्समधलं दिसतं. डाउनलोड्समध्ये झिप उघडून ठेवली तर दिसणार नाही.

काही जण याच ओळी .झेडश-ईएनव्हीमध्ये टाकतात आणि मग क्रम का फिरला म्हणून डोकं धरतात. ती फाइल सगळ्यात आधी वाचली जाते. त्यानंतर /ईटीसी/झेडप्रोफाइल 'पाथ_हेल्पर' चालवतं. ते /ईटीसी/पाथ्समधली फोल्डरं पुढे आणून तुमची मागे ढकलतं. होमब्रूने (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाने) नवीन गिट बसवलं तरी जुनंच चालतं, त्यामागे पुष्कळदा हेच असतं. होमब्रूचा पत्ताही बघून घ्या : एम-चिपवर /ऑप्ट/होमब्रू, इंटेलवर /यूएसआर/लोकल.

लेख वाचून '~' (होम फोल्डरची खूण) अवतरणचिन्हांच्या आत लिहू नका. तिथे त्याचा विस्तार होत नाही, पाथमध्ये शब्दशः '~' जातं. $होम लिहा.

प्रतिसाद ४ : रूटनको

उबुंटूवर झिपच्या भानगडीत पडू नका. 'ॲप्ट इन्स्टॉल ओपनजेडीके-१७-जेडीके' केलं की पाथला हात लावावाच लागत नाही. /यूएसआर/बिन/जावा ही नुसती दुवा-फाइल असते. ती कुठे जाते हे 'रीडलिंक -एफ /यूएसआर/बिन/जावा' सांगेल. सर्व्हरवर आधीच दुसरं जावा असेल तर 'सुडो अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज --कॉन्फिग जावा' टाकून हवं ते निवडा (सुडो म्हणजे ॲडमिन हक्कांनी चालवणं). गंमत म्हणजे जावासीचा दुवा वेगळा असतो. एकच बदललात तर विंडोजवरचं दुखणं लिनक्सवर जसंच्या तसं. दोन्ही बदला.

सर्व्हरवर खरा घोळ वेगळाच होतो. हाताने लॉगिन करून सगळं चालतं, पण 'एसएसएच सर्व्हर जावा -व्हर्जन' असं दुरून किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) चालवलं की कमांड सापडत नाही. उबुंटूच्या .बॅशआरसीमध्ये (बॅश शेलच्या सेटिंगची फाइल) वरच एक तपासणी आहे : शेल इंटरॲक्टिव्ह नसेल (समोर कोणी टाइप करत नसेल) तर तिथूनच परत फिरा. खाली घातलेल्या एक्स्पोर्टपर्यंत कोणी पोहोचतच नाही. क्रॉन तर या फाइली वाचतही नाही, त्याचा स्वतःचा पाथ /यूएसआर/बिन:/बिन एवढाच. क्रॉनटॅबमध्ये वर पाथची ओळ लिहिता येते, पण तिथे $पाथ विस्तारत नाही, पूर्ण यादी लिहावी लागते. सिस्टमडीच्या (सर्व्हिस चालवणाऱ्या यंत्रणेच्या) 'एन्व्हायर्नमेंट='लाही तेच लागू. सर्व्हिसमध्ये मी तर सरळ जावाचा पूर्ण पत्ता लिहा म्हणेन.

सुडोचंही असंच : /ईटीसी/सुडोअर्समध्ये 'सिक्युअर_पाथ' असतो, तुमचा पाथ तिथे चालत नाही. ही सोय सुरक्षेसाठी आहे, ती काढू नका.

पाथ बदलूनही बॅश जुन्याच जागी जात असेल तर 'हॅश -आर' टाका, त्याने जुना पत्ता लक्षात ठेवलेला असतो. आणि 'विच'ऐवजी 'टाइप -ए जावा' वापरा, एलियास (टोपणनावं) आणि सगळे पत्ते क्रमाने दिसतात.

प्रतिसाद ५ : अर्धविराम

+१. एक राहिलं. पाथमध्ये लागोपाठ दोन कोलन किंवा शेवटी सुटा कोलन राहिला तर लिनक्स आणि मॅकवर त्याचा अर्थ 'सध्याचं फोल्डर' असा होतो. कोणी त्या फोल्डरमध्ये 'एलएस' (फाइलींची यादी दाखवणारी कमांड) याच नावाची स्क्रिप्ट ठेवली तर ती चालू शकते. पाथ आधी रिकामा असेल आणि तुम्ही '$पाथ' जोडलं की असा कोलन आपसूक उरतो. कमांड प्रॉम्प्ट तर कायमच सध्याच्या फोल्डरमध्ये आधी बघतो, पॉवरशेल बघत नाही.

कंपाइलवेडा

पॉवरशेलमध्येही १७ आलं. व्हीएस कोडच्या सगळ्या खिडक्या बंद कराव्या लागल्या, नुसतं टर्मिनल बंद करून जावा_होमची नवीन किंमत येत नव्हती.

प्रतिसाद ६ : निळाप्रॉम्प्ट

बरोबर. टर्मिनलला पर्यावरण व्हीएस कोडकडून मिळतं, आणि व्हीएस कोडकडे तो सुरू झाला त्या क्षणाची प्रत असते.