वाहिनीने तोंडी घातलेलं वाक्य, वेबसाइटवर गुपचूप बदललेला मथळा: तक्रार कुठे आणि कशी करायची?

माळरान

एका मराठी वृत्तवाहिनीने परवा संध्याकाळी आमच्या शेतकरी गटाच्या अध्यक्षांची बाइट (बोलण्याची छोटी चित्रफीत) चालवली. ते बोलले ते असं: "पंचनामे होईपर्यंत मदत वाटू नका, असं आम्ही कुठेही म्हटलेलं नाही." पडद्याखालच्या पट्टीवर आलं, 'पंचनामे होईपर्यंत मदत वाटू नका', आणि पुढे त्यांचं नाव. वेबसाइटवरही तोच मथळा. फोनाफोनी केल्यावर मथळा बदलला, पण दुरुस्ती केल्याचा बातमीत कुठे उल्लेख नाही आणि वरची वेळही जुनीच. यूट्यूबच्या थंबनेलवर अजून पहिलंच वाक्य आहे. वाहिनीचे डेस्कवाले (बातम्या संपादित करणारे) म्हणतात, "बदललंय ना, मग आता काय? हवं तर नवी बाइट द्या, चालवतो." लेखी तक्रार कोणाकडे करायची, किती दिवसांत, आणि त्यात मागायचं काय? पूर्ण भाषणाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे.

कलमबहाद्दर

ताई, आधी मुदत बघा, बाकी सगळं नंतर. वाहिनी न्यूज ब्रॉडकास्टर्स अँड डिजिटल असोसिएशन या वृत्तवाहिन्यांच्या संघटनेची सभासद आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावरच्या यादीत तपासा. सभासद असेल तर पहिल्या प्रसारणापासून ७ दिवसांच्या आत तक्रार वाहिनीकडे पोहोचली पाहिजे. वाहिनीला उत्तरासाठी कामकाजाचे ७ दिवस मिळतात. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुढच्या १४ दिवसांत त्यांच्या मानक प्राधिकरणाकडे, म्हणजे एनबीडीएसएकडे जायचं. उशीर झालाच तर कारण लिहून तो माफ करण्याची विनंती करता येते, पण त्या भरवशावर राहू नका.

दुसरी वाट सरकारी नियमांची. केबल टेलिव्हिजन नेटवर्क्सच्या नियमांत जून २०२१ मध्ये तीन पायऱ्या आल्या. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. त्यावर १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे अपील, तिथे ६० दिवसांत निकाल, आणि तोही मान्य नसेल तर १५ दिवसांत केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे. वाहिनी कुठल्याच संस्थेची सभासद नसेल तर मधली पायरी गळते.

दोन्हींसाठी पत्र एकच पुरतं. ते तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावाने, वेबसाइटवर दिलेल्या ईमेलवर पाठवा. संपादक किंवा वार्ताहराच्या व्हॉट्सअ‍ॅपवर केलेली तक्रार पुढे 'आम्हाला मिळालीच नाही' यात जमा होते. विषयाच्या ओळीत 'तक्रार' हा शब्द, वाहिनी, तारीख आणि प्रसारणाची वेळ हवी. मजकुरात दोन रकाने करा: डावीकडे प्रत्यक्ष उच्चारलेलं वाक्य, रेकॉर्डिंगमधल्या मिनिट-सेकंदासह, उजवीकडे दाखवलेलं वाक्य, ते कुठे आणि कधी दिसलं यासह. भावना दुखावल्या, बदनामी झाली, हे एका ओळीत उरका. त्याच केबल नियमांतल्या कार्यक्रम संहितेच्या नियम ६ मध्ये अर्धसत्याचा स्पष्ट उल्लेख आहे; 'नाही' कापून उरलेलं वाक्य त्यात नेमकं बसतं.

वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलकडे पाठवू नका. टीव्ही तिच्या कक्षेत येत नाही, त्यात महिने जातात आणि इकडची मुदत टळते.

आउटपुट_डेस्क

हा प्रकार मराठी डेस्कवर वारंवार होतो, त्याचं कारणही साधं आहे. आपलं क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी. पट्टीत जेमतेम सहा-सात शब्द मावतात, ऑपरेटर पुढचे शब्द उचलतो, 'असं म्हटलेलं नाही' ही शेपटी बाहेर राहते. हेतू असो नसो, तक्रारीत हेतूचा आरोप करू नका. तो सिद्ध करण्याचं ओझं उगाच तुमच्या डोक्यावर येतं. वाक्य चुकलं एवढं दाखवलं की पुरे.

आता पुरावा, आणि तो आज रात्रीच गोळा करा. स्क्रीनशॉट काढताना पत्त्याची ओळ आणि घड्याळ दिसू द्या. बातमीची लिंक वेबॅक मशीनमध्ये (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर) टाका. कोणीतरी आधीच जतन केली असेल तर जुना मथळा तारीख-वेळेसह तिथे मिळेल. नसेल तर निदान आजची अवस्था तरी गोठेल. गूगलची जतन प्रत शोधत बसू नका, ती सोय २०२४ मध्ये बंद झाली. पान उघडून 'पेज सोर्स', म्हणजे पानामागचा कोड, बघा. त्यात प्रकाशनाची आणि शेवटच्या बदलाची वेळ बहुधा वेगवेगळी नोंदलेली असते. वाचकाला वर जुनीच वेळ दिसते आणि आत बदलाची वेगळी, हाच तुमच्या दुसऱ्या मुद्द्याचा, म्हणजे गुपचूप बदलाचा, पुरावा. लिंकचा शेवटचा भागही वाचा. मथळा बदलला तरी पत्त्यात जुन्या मथळ्याचे शब्द रोमन अक्षरांत बऱ्याचदा तसेच राहतात. मोबाइल ॲप, एएमपी पान (मोबाइलसाठीची हलकी, वेगळी आवृत्ती), डेलीहंटसारख्या बातम्या गोळा करणाऱ्या ॲपवर गेलेली प्रत, फेसबुक पोस्ट (तिचा संपादन-इतिहास उघडतो) ही सगळी ठिकाणं वेगवेगळी तपासा. डेस्कने एका जागी बदल केला की सगळीकडे होतो असं नाही.

यूट्यूबवर त्याच लिंकवर नवा व्हिडिओ चढवता येत नाही, पण मधला तुकडा कापता येतो, शीर्षक आणि थंबनेल तर केव्हाही बदलता येतं. म्हणून आज व्हिडिओची लांबी मिनिट-सेकंदात लिहून ठेवा. उद्या ती कमी दिसली तर कात्री लागली हे उघड आहे.

टीव्हीवरचं रेकॉर्डिंग तुमच्याकडे नसेल तरी बिघडत नाही. प्रसारणाचं रेकॉर्डिंग ९० दिवस ठेवणं वाहिनीवर बंधनकारक आहे. तक्रारीतच लिहा: 'अमुक तारखेचं अमुक वेळेचं प्रक्षेपण आणि मूळ बाइट तक्रार निकाली निघेपर्यंत जपून ठेवावी.'

वकिली_चष्मा

थेट वकिलाची नोटीस द्या. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं ३५६. दिवाणी दाव्याला प्रकाशनापासून एकच वर्ष मिळतं, त्यामुळे फार रेंगाळू नका. भाषणाची मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तिथेच राहू द्या, तिचा हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) काढून लिहून ठेवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ च्या प्रमाणपत्रात तो मागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवलेली प्रत कॉम्प्रेस होते आणि हॅश जुळत नाही.

कलमबहाद्दर

हॅशचं बरोबर. नोटिशीची घाई मात्र नको. नोटीस गेली की डेस्क गप्प बसतं आणि सगळं विधी विभागाकडे जातं. शिवाय एनबीडीएसएकडे तक्रार करताना हाच विषय कोर्टात प्रलंबित नाही असं लिहून द्यावं लागतं. दावा लावलात की तो दरवाजा बंद. वर्षभर हातात आहे, आधी तक्रार संपवा.

मागायचं काय, याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. 'नवी बाइट द्या' हा सापळा आहे. ती चालली की वाहिनी लिहून देते, 'तक्रारदाराची बाजू दाखवली, विषय संपला.' तुमची बाजू म्हणजे खुलासा. तुम्हाला हवी आहे दुरुस्ती, आणि तीही त्यांच्या तोंडून. मजकूर तुम्हीच लिहून द्या: 'अमुक तारखेच्या अमुक बुलेटिनमध्ये अध्यक्षांच्या तोंडी चुकीचं विधान दाखवलं गेलं. त्यांनी प्रत्यक्षात असं म्हटलं होतं: … चुकीबद्दल दिलगीर आहोत.' ती त्याच वेळच्या बुलेटिनमध्ये, तेवढीच ठळक दाखवायला सांगा. चूक लवकर आणि पुरेशा ठळकपणे दुरुस्त करावी हे त्यांच्याच आचारसंहितेत आहे. बातमीच्या वरच्या भागात तारखेसह टीप मागा: आधी काय होतं, आता काय आहे. नुसता मथळा बदलला तर ज्याने पहिला मथळा वाचून पुढे पाठवला त्याला चूक कळतच नाही.

वेबसाइटबाबत एक पेच आहे. डिजिटल बातम्यांसाठीच्या २०२१ च्या आयटी नियमांतल्या तीन पायऱ्या ज्यावर उभ्या आहेत, त्या नियम ९ च्या पोटनियम १ आणि ३ ला मुंबई उच्च न्यायालयाने १४ ऑगस्ट २०२१ रोजी स्थगिती दिली. त्यामुळे वेबसाइटच्या तक्रारीत त्या नियमांवर सगळी भिस्त ठेवू नका. सभासद वाहिनीचं डिजिटल अंगही एनबीडीएसएच्या कक्षेत येतं, जोर तिथे लावा. पानाच्या तळाशी कंपनीचं नाव वाहिनीहून वेगळं असेल तर दोघांनाही पत्र जाऊ द्या.

दंडाची आशा धरू नका. एनबीडीएसएचा दंड १ लाखापर्यंतच, आणि तो किती तोकडा आहे हे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच बोलून दाखवलं. उपयोगाचा असतो तो व्हिडिओ आणि लिंका काढून तसं ७ दिवसांत लेखी कळवण्याचा आदेश.

माळरान

आभार. एएमपी पानावर जुना मथळा अजून आहे! पत्रात त्याचा उल्लेख केला तर ते लगेच उडवतील ना?

आउटपुट_डेस्क

उडवतीलच. आधी वेबॅकमध्ये टाका, मग पानाची पीडीएफ काढून ती स्वतःलाच ईमेल करा म्हणजे वेळेची नोंद राहील. त्यानंतर पत्र पाठवा, आणि त्यात ती जतन केलेली लिंक द्या, मूळ पानाची नको.